शनिवारचा बुद्धिबळ वर्ग : डोंगरपट्ट्यातल्या एका शाळेच्या प्रकल्प नोंदी

५ जुलै २०२५, शनिवार

वर्ग सुरू झाला. चौथी ते सातवीची मुलं, सरकारच्या ‘आनंददायी शनिवार’ उपक्रमातली शेवटची तासिका, आणि त्यानंतर ज्याला थांबायचं त्याच्यासाठी आणखी तासभर. बीड जिल्ह्याच्या धारूर तालुक्यातल्या आमच्या गावात बहुतेक मुलांनी बुद्धिबळ पाहिलंय ते मोबाइलवरच. सामान म्हणाल तर प्लॅस्टिकच्या सोंगट्यांचे सहा संच आणि फ्लेक्सवर छापून घेतलेले पट. फ्लेक्स भिजला तरी बिघडत नाही, गुंडाळून दप्तरात मावतो. कडेला ए ते एच आणि १ ते ८ छापून घेतलंय, पुढं चाली लिहायच्या आहेत म्हणून.

आज सगळ्या सोंगट्या मांडल्याच नाहीत. उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर आलं पाहिजे एवढं सांगितलं आणि नुसती प्यादी दिली. आठ विरुद्ध आठ, ज्याचं प्यादं आधी पलीकडच्या टोकाला पोचेल तो जिंकला. बत्तीस सोंगट्या एकदम समोर आल्या की नवं मूल घोड्याच्या अडीच घरांत अडकतं आणि बाकीचा पट त्याला दिसतच नाही. प्याद्यांच्या लढाईत पाच मिनिटांत कळतं की हे सरळ चालतं, तिरकं मारतं, समोर कुणी उभं राहिलं की अडतं, आणि पुढं गेलेलं माघारी येत नाही. एका तासात प्रत्येक जोडीचे चार-पाच डाव झाले. हरणाऱ्याला रडायलाही वेळ नव्हता, लगेच पुढचा डाव.

नोंदीत मुलांची नावं लिहिणार नाही. इयत्तेवरून लिहीन.

१२ जुलै २०२५

हत्ती आणि उंट आले. चौथीतला एक मुलगा, जो वर्गात दहा मिनिटं एका जागी बसत नाही, त्याला न्यायला त्याचे आजोबा आले होते. दारात उभे राहून बघत होते. प्यादं पहिल्या चालीला दोन घरं गेलेलं बघून थेट आत आले.

“ओ बाई, प्यादं एकच घर जातं की! हे कुठलं नवं काढलं?”

मग अर्धा तास तेच बोलले आणि मुलं ऐकत बसली. त्यांच्या काळी देवळाच्या ओट्यावर डाव रंगायचे. प्यादं एकाच घरानं चालायचं. राजाला शह बसला नसेल तर त्याला एकदाच घोड्यासारखी उडी घ्यायची मुभा. समोरच्याचा नुसता राजा उरला की बुर्जी, डाव तिथंच थांबला, पुरा विजय नाही. आणि प्याद्यानं दिलेली मात सगळ्यांत मानाची. बुर्जीमुळं समोरच्याची फौज सगळी कापून चालायचं नाही, त्याच्याकडं काहीतरी शिल्लक ठेवूनच मात द्यायची. याला केवढी नजर लागत असेल!

मुलांना सांगितलं की हे आपलं देशी बुद्धिबळ, आणि आपण शिकतोय ते जगभर खेळतात ते. आजोबांना शनिवारी यायचं आमंत्रण दिलं. “येतो, पण प्यादं एकच घर चालवीन,” म्हणाले.

२ ऑगस्ट २०२५

सोमवारी, २८ जुलैला, जॉर्जियातल्या बाटुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखनं महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामना भारताच्याच कोनेरू हंपीशी. दोन मोठे डाव बरोबरीत सुटले आणि टायब्रेकच्या, म्हणजे बरोबरी फोडायच्या, जलद डावांत दिव्या जिंकली. वय १९. त्या विजयानं तिला ग्रँडमास्टर हा बुद्धिबळातला सर्वांत मोठा किताब थेट मिळाला, भारताची ८८वी, आणि भारतीय महिलांमध्ये चौथी.

आज फळ्यावर नकाशा काढून नागपूर आणि धारूर दाखवलं. नागपूर फार लांब नाही असं सहावीतल्या मुलींना वाटलं, तेवढं पुरे. मुलींच्या बाबतीत माझा अनुभव असा की त्या येतात, शिकतात, आणि सहावी-सातवीत गेल्या की शनिवारी घरचं काम निघतं. म्हणून खाडिलकर भगिनींची गोष्टही सांगितली. वासंती, जयश्री आणि रोहिणी, मुंबईतल्या तिघी बहिणी, सत्तर-ऐंशीच्या दशकात त्यांनी देश गाजवला. रोहिणी तर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत बसून खेळली होती. “पोरांसंगं?” एकीनं विचारलं. हो, पोरांसंगं. पुढच्या शनिवारपासून जोड्या चिठ्ठ्या टाकून लावणार, मुलगा-मुलगी असं काही बघणार नाही.

२३ ऑगस्ट २०२५

काल पोळा झाला, पोरं अजून त्याच धुंदीत. सातवीतल्या एकानं मोबाइलवर चार चालींची मात शिकून सगळ्यांना धडाधड हरवलं. ई४, मग वजीर एच५, उंट सी४, आणि वजिरानं एफ७वरचं प्यादं मारून मात. एफ७ला फक्त राजाचाच जोर असतो, म्हणून ते घर सगळ्यांत कच्चं. लहानगी हिरमुसली. त्याला थांबवायचं नाही असं ठरवलं. बाकीच्यांना उत्तर सापडलं पाहिजे.

फळ्यावर डाव मांडला आणि एकच प्रश्न विचारला : त्यानं वजीर एच५ला आणला, कामून, म्हणजे का, आणला? पहिलं उत्तर, “ई५चं प्यादं मारायला.” बरोबर, म्हणून घोडा सी६ला आणून ते राखलं. आता उंट सी४ला आला, कामून? बराच वेळ शांतता. पाचवीतली एक मुलगी उठून फळ्याजवळ आली आणि बोटानं उंटाची तिरकी रेघ एफ७पर्यंत ओढली, मग वजिराची रेघ तिथंच आणली. “दोघं मिळून इथंच टपलेत.” मग जी६ला प्यादं सारायचं तिनंच सुचवलं. वजिराला हलावंच लागतं. तो एफ३ला जाऊन पुन्हा तिथंच टपतो, तर घोडा एफ६ला आणून रेघ बंद करायची. वजीर भटकत बसला आणि काळ्याचे दोन घोडे बाहेर आले.

तासाअखेर सातवीतला तीन जणांकडून हरला. त्याचंही बरंच झालं, आता त्याला पाचवी चाल शोधावी लागेल.

आजपासून वर्गाचा नियम : चाल करण्याआधी समोरच्याच्या चालीला ‘कामून?’ विचारायचं, मग हात उचलायचा. आणि हात लावला ती सोंगटी हलवायचीच.

३० ऑगस्ट २०२५

राजा आणि प्यादं. हा धडा लोक फार उशिरा शिकवतात. पटावर तीनच सोंगट्या असतात, त्यामुळं मुलाला प्रत्येक चालीचा परिणाम शेवटपर्यंत दिसतो.

बचाव करणाऱ्यासाठी फळ्यावर मांडलं : पांढरा राजा ई५, प्यादं ई६, काळा राजा ई७, चाल काळ्याची. मागं जायचं तर तीन घरं आहेत. डी८ला गेला तर हरला, एफ८ला गेला तर हरला, नाकासमोर सरळ ई८ला गेला तर वाचला. त्यानंतर पांढरा राजा ज्या बाजूनं वर येईल, त्याच्या बरोब्बर समोर उभं राहायचं. मुलांनी तिन्ही वाटा जोडीजोडीनं खेळून पाहिल्या. मी उत्तर सांगितलं नव्हतं, पटावरच सापडलं.

मग भारताच्या डी. गुकेशचं सांगितलं. १२ डिसेंबर २०२४, सिंगापूर, जगज्जेतेपदाचा चौदावा आणि शेवटचा डाव. तेव्हाचा जगज्जेता, चीनच्या डिंग लिरेननं हत्ती चुकीच्या घरात ठेवला. गुकेशनं हत्ती कापले, मग उंटही कापायला लावले, आणि उरले नुसते राजे आणि प्यादी, त्यात गुकेशचं एक प्यादं जास्त. डिंगनं हार मानली. अठरा वर्षांचा पोरगा जगज्जेता झाला तो याच धड्यावर. हे ऐकल्यावर चौथीतला तो चुळबुळ्या पुन्हा ई५-ई६-ई७ मांडून बसला, मधली घंटा झाली तरी उठला नाही.

६ सप्टेंबर २०२५

पालकसभा. एका वडिलांनी सरळ विचारलं, “मॅडम, ह्यानं गणितात मार्क वाढत्यात का? नवोदयच्या परीक्षेची तयारी बुडती त्याची.” प्रश्न रास्त आहे. ज्या घरातलं शिक्षण उचलीच्या पैशावर, म्हणजे ऊसतोडीसाठी मुकादमाकडून (टोळी नेणाऱ्या ठेकेदाराकडून) आगाऊ घेतलेल्या पैशावर चालतं, त्या घरानं हिशेब विचारायलाच हवा.

मी त्यांना खरं तेच सांगितलं. इंग्लंडमध्ये शंभर प्राथमिक शाळांत याचा नीट अभ्यास झाला, २०१६ साली तो प्रसिद्ध झाला. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना वर्षभर वर्गात बुद्धिबळ शिकवलं आणि पुढच्या वर्षी गणिताची परीक्षा घेतली. शिकलेल्या आणि न शिकलेल्या मुलांच्या गणितात फरक दिसला नाही. आर्मेनिया देशानं २०११ पासून बुद्धिबळ प्राथमिक शाळेत सक्तीचं केलंय, त्याचं मला कौतुक आहे, पण ‘बुद्धिबळ खेळा, बुद्धी वाढवा’ असा फलक लावून मुलं गोळा करणं मला पटत नाही. गणित येण्यासाठी गणितच करावं लागतं.

मग शनिवार कशासाठी? मी जे बघतेय ते सांगितलं. मूल हात उचलण्याआधी थांबायला लागलंय. समोरच्याला काय हवंय याचा विचार करायला लागलंय, आणि आठ-दहा वर्षांच्या वयात हे सोपं नसतं. इथं हरल्याचा दोष पंचाला, बॅटला, पावसाला देता येत नाही. चाल आपलीच असते, ती कुठली होती हे शोधता येतं, आणि पुढच्या डावात बदलता येते. हरल्यावर उठून समोरच्याशी हात मिळवायचा असतो. ज्या मुलांना घरी-दारी कुणी ‘तुला काय वाटतं?’ म्हणून विचारत नाही, त्यांना इथं प्रत्येक चालीला तेच विचारलं जातं. याला गुणपत्रिकेत रकाना नाही, पण माझ्या लेखी याचं मोल गणिताच्या मार्कांहून कमी नाही.

वडील थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, “सोमवार ते शुक्रवार गणित घ्या मग दाबून.” घेतेच.

१२ सप्टेंबर २०२५, शुक्रवार

बीडला जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा, १४ वर्षांखालील गट. पहाटेची एसटी. आमची मुलं चौथी-पाचवीची आणि समोर आठवीची पोरं, काहींकडं स्वतःचं घड्याळ, स्वतःची पिशवी. स्विस पद्धत असल्यानं हरलं तरी कुणी बाहेर पडत नाही, पुढच्या फेरीत तेवढेच गुण असलेला जोडीदार मिळतो. नवख्या मुलांना स्पर्धेला न्यायचं तर अशाच.

बहुतेक फेऱ्यांत आमची मुलं हरली. एक डाव मात्र सविस्तर लिहून ठेवते. चौथीतला चुळबुळ्या, समोर त्याच्या दीडपट उंचीचा मुलगा. सगळं कापाकापी होऊन तीन सोंगट्या उरल्या : पांढरा राजा ई५, प्यादं ई६, आणि याचा काळा राजा ई७. मी दोरीपलीकडं उभी. फळ्यावरचीच मांडणी, चाल याची. यानं दोन्ही हात मांडीखाली दाबले. बराच वेळ नुसता बघत राहिला. मग राजा सरळ ई८ला. पांढरा डी६ला आला, हा डी८ला समोर उभा राहिला. प्यादं ई७ला, शह. हा ई८ला परत. आता पांढऱ्यानं प्यादं सोडलं तर ते जातं, राखायला राजा ई६ला आणला तर काळ्याला हलायला घरच नाही, आणि शहही नाही, म्हणजे बरोबरी. त्यानं राजा ई६ला ठेवला. यानं हात वर केला, पंच आले, बघितलं आणि बरोबरी लिहिली. अर्धा गुण.

समोरच्या मुलानं चांगला हात मिळवला आणि विचारलं, “तुला माहीत होतं?” हा म्हणाला, “सरळ मागं यायचं असतं.”

संध्याकाळी आजोबांना मांडून दाखवलं. त्यांना काही पटलं नाही. राजा कोंडला म्हणजे हरला, असं त्यांचं म्हणणं. पण पट गुंडाळेपर्यंत तीनदा मांडून बघितलं त्यांनी.

२७ सप्टेंबर २०२५

वर्ग नाही. अतिवृष्टीनं सोयाबीन पाण्यात आहे, रस्ता तुटलाय, निम्मी मुलं शेतात आईबापांबरोबर. शाळेच्या एका खोलीत पाणी आलं, सोंगट्यांचे डबे वरच्या फळीवर होते म्हणून वाचले.

११ ऑक्टोबर २०२५

चाली लिहायला सुरुवात. वहीच्या पानावर दोन रकाने, पांढरा आणि काळा. सोंगटीचं पहिलं अक्षर मराठीत आणि घर ए-बी-सीत : घ एफ३, उ सी४. प्याद्याला काही लिहायचं नाही, नुसतं घर. लिहिण्यानं मुलं आपोआप सावकाश खेळतात. आणि हरलेला डाव घरी नेता येतो. पाचवीतली मुलगी आपला डाव घरी चुलीपुढं बसून पुन्हा मांडते असं तिच्या आईनं सांगितलं.

पीक गेलंय, त्यामुळं यंदा ऊसतोडीला कोयते, म्हणजे तोडणीच्या जोड्या, जास्त निघणार असं गावात बोललं जातंय.

१ नोव्हेंबर २०२५

दिवाळी झाली आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या. वर्गात आज निम्मीच मुलं. काही आजी-आजोबांकडं राहिलीत, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहाचं जेवण सुरू होईल. चुळबुळ्या आजोबांकडंच राहिलाय. पाचवीतली मात्र गेली. धाकटा भाऊ दोन वर्षांचा, त्याला कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या जागी बांधलेल्या झोपडीवर, सांभाळायला कुणी हवं. आईशी बोलले, मुकादमाच्या बायकोशी बोलले, उपयोग झाला नाही. त्या गावच्या शाळेत तिला बसवून घ्यावं म्हणून पत्र दिलंय.

जाताना तिला एक पट आणि एक संच दिला. आणि ठरवलं : ती विरुद्ध अख्खा वर्ग, फोनवर. तिला पांढऱ्या सोंगट्या. वडील रात्री कोपीवर आले की ती आवाजी संदेश पाठवेल, वर्ग शाळेत चर्चा करून उत्तर देईल. तिचा डाव कपाटावर वेगळ्या पटावर मांडून ठेवायचा.

२९ नोव्हेंबर २०२५

डाव आतापर्यंत : ई४ ई५, घोडा एफ३ घोडा सी६, उंट सी४ घोडा एफ६, घोडा जी५ डी५, प्याद्यानं डी५ मारलं. आता चाल वर्गाची.

आजचा तास याच एका चालीवर गेला, आणि वर्षातला सगळ्यांत चांगला तास झाला. जवळजवळ सगळ्यांचं म्हणणं, घोड्यानं डी५चं प्यादं परत मारायचं, एकास एक, हिशेब मिटला. मी मत दिलं नाही. सातवीतला तो चार चालींवाला म्हणाला, “थांबा. तिनं घोडा जी५ला आणला तो कामून?” सगळे पटाभोवती वाकले. एफ७. तिचा घोडा एफ७चं प्यादं मारून वजीर आणि हत्ती दोघांवर चढतो. राजानं घोडा मारावाच लागतो. मग वजीर एफ३ला येऊन शह देतो, आणि डी५वरचा आपला घोडा वाचवायचा तर राजालाच पटाच्या मध्यावर धावत यावं लागतं. एक घोडा देऊन ती आपला राजा उघड्यावर ओढणार होती.

मग दुसरी चाल शोधायची. डी५वरच्या प्याद्यानं सी६वरच्या घोड्यावर जोर दिलाय, त्याला हलवायचंच आहे. सहावीतली एक म्हणाली, घोडा ए५ला. का? तिच्या उंटावर जोर येतो. प्यादं जाईल त्याचं? जाऊ द्या. हात वर करून मतदान झालं, आणि घोडा ए५ संध्याकाळी कळवला. रात्री तिचा संदेश आला, मागं ट्रॅक्टरचा आवाज : “उंट बी५, शह. मला वाटलं तुम्ही प्यादं मारणार.”

२० डिसेंबर २०२५

कपाटावरचा पट कुणाच्या तरी चेंडूनं उडाला. वहीत सगळं लिहिलेलं होतं, दोन मिनिटांत परत मांडला.

१० जानेवारी २०२६

आजोबा आता प्यादं दोन घरं चालवतात, पण नव्या मुलांना शिकवताना आधी देशी नियमानं एक डाव खेळायला लावतात. मी मधे पडत नाही. प्याद्यानं मात द्यायची त्यांची हौस मुलांना लागलीये, आणि त्यापायी मुलं प्यादी फुकट घालवत नाहीत.

चौथीतल्यानं आज पहिलीतल्या बहिणीला पट दाखवला. तिनं घाईनं राजा उचलला तर म्हणाला, “हात मांडीखाली ठेव.”

फोनवरच्या डावात सी६वर प्यादी कापली गेली, तिचा उंट ई२ला मागं गेला. वर्गाचं एक प्यादं कमी आहे, पण एच६ सारून तिच्या घोड्याला हुसकवलंय. तिच्याकडं दोन-तीन दिवसांनी फोन लागतो, तरी एकही चाल अर्धवट आली नाही. सोंगटी, घर, शह असेल तर शह, सगळं सांगते. ती तिथल्या शाळेत बसायला लागलीये, भावाला घेऊन. तिथल्या दोन पोरींना प्याद्यांची लढाई शिकवली म्हणते.

७ फेब्रुवारी २०२६

घोडा एफ३, ई४. घोडा ई५. तिचा घोडा आता पटाच्या मधोमध, पण मागं फिरायला वाट थोडी. काल रात्रीचा तिचा संदेश आज वर्गात लावला : “मॅडम, प्यादं एक जास्त हाय माझ्याकडं, पण ह्यांनी माझ्या घोड्याला नुसतं पळवलंय. पुढच्या बारीला मी काळ्या घेणार.” मुलं टाळ्या वाजवत उठली.

पुढच्या दिवाळीआधी करायचं ठरलंय ते एवढं : टोळीबरोबर जाणाऱ्या प्रत्येक मुलाला छोटा पट आणि सोंगट्या द्यायच्या, चाली लिहायची वही द्यायची, आणि जातील त्या गावच्या शिक्षकांना आधी फोन करायचा. मुलं तिथल्या वर्गात पाहुण्यासारखी मागच्या बाकावर बसतात. हातात पट असला तर पहिल्या दिवशी कुणीतरी जवळ येऊन बसतं, हे तिच्यामुळं कळलं. सोंगट्यांसाठी गावातल्या दोघांनी पैसे कबूल केलेत.

वर्गाची दहावी चाल एकमतानं झाली आणि मघाशीच पाठवली : उंट डी६, तिच्या घोड्यावर.